ताटाखालची वाकळ

आमच्या माणदेशात गोधडीला वाकळ म्हणतात. शहरातल्या माणसाला हा शब्द जरा ओबडधोबड वाटतो. पण माघातल्या थंडीत ज्यानं ज्वारीच्या खळ्यावर वाकळ पांघरून राखण केली, त्याला दुसरा शब्द सुचायचा नाही.

वाकळ म्हणजे घरातल्या माणसांची अंगावरची कापडं. आईचं लुगडं विरलं की ती ते उन्हात धरून बघायची. नऊवारी लुगडं बसायच्या जागी आधी विरतं, काठ आणि पदर मागून. मग विरलेला भाग आत घालायचा आणि धडका भाग वरखाली लावायचा. आतल्या थरात आबांचं धोतर, आमच्या फाटक्या पैरणी, आज्याच्या पटक्याचे तुकडे. चुलते मुंबईला गिरणीत होते, ते सुट्टीला येताना कापडाचे तुकडे आणायचे. त्या वर्षी आमच्या वाकळांना लाल-पिवळी ठिगळं मिळायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, चुलते वळकटी घेऊन गावाला आले आणि तुकडे यायचे बंद झाले. त्या वळकटीत आईनंच शिवून दिलेली वाकळ होती. आमच्या भागातली पोरं गलाईच्या कामाला मद्रास, कोचीनपर्यंत गेली, त्यांच्याही वळकटीत एकेक वाकळ असायचीच.

शिवायचं काम सुगी झाल्यावर, चैत-वैशाखात. देवळाच्या मंडपात सारवलेल्या जागेवर खालचं कापड ताणून अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर थर लावायचे, वर जोडलेली ठिगळं. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं. मग चारी बाजूंना चार बायका बसायच्या आणि काठापासून धावदोरा सुरू व्हायचा. कोपरा आला की वळायचं, आत सरकायचं, असं करत करत मधोमध यायचं. ओळीत बोटाचं अंतर. नांगरटीला आपण कडेनं तास धरून आत येतो, तसंच हे. चौघी बसल्या तर तीन-चार दिवसांत वाकळ उतरायची, एकटीला दहा-बारा दिवस लागायचे.

नवरात्राच्या आधी, घट बसायच्या अगोदर, सगळ्या वाकळा ओढ्याला न्यायच्या. हंड्यात सोडा घालून उकळायच्या, दगडावर आपटायच्या. भिजलेली वाकळ एकट्यानं उचलत नाही, दोन टोकांना दोघं धरून पिळावी लागते. वाळल्या की उसवलेल्या जागी ठिगळ लावायचं. कारण दिवाळीला माहेरवाशिणी पोराबाळांसकट यायच्या आणि आई बोटावर माणसं मोजायची, तितकी अंथरुणं लागायची. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या बायका रात्री चिमणीच्या उजेडात वाकळा सांधत होत्या, हे मी बारा-तेरा वर्षांचा असताना बघितलं आहे. खायला मिलो होता, पण दिवाळीला आलेल्या लेकीला उघडं झोपवायचं नाही, एवढं त्यांनी सांभाळलं.

पुढं टेरिकॉट आलं, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. ते कापड फाटत नाही, विरत नाही आणि घामही टिपत नाही. त्याची वाकळ केली तर थर एकमेकांवरून घसरतात आणि अंगावरून ती रात्रभर खाली सरकते. बाजारात ब्लँकेटही स्वस्त झालं. आमच्या गावात वीसेक वर्षं मंडपात वाकळ अंथरली गेली नाही. बाळंतिणीसाठी एखादं दुपटं शिवायच्या, तेवढंच.

मागल्या वर्षी गणपतीत माझी पुतणी पुण्याहून आली. तिच्या ओळखीच्या एका दुकानाला दिवाळीसाठी हातानं शिवलेली टेबलावरची कापडं पाहिजे होती. सहा ताटांखाली ठेवायच्या सहा लहान चटया, 18 इंच बाय 12 इंच, आणि टेबलाच्या मधोमध टाकायचा एक लांब पट्टा, 72 इंच बाय 14. असे वीस संच. वाकळीसारखीच ठिगळं, वाकळीसारखाच टाका. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. आमच्या कुणाच्याच घरात जेवायचं टेबल नाही. बायका फोटो बघून हसल्या.

माझ्या थोरल्या भावाच्या माघारी वैनींनी दोन पोरांना शेतावर राबून मोठं केलं. आमच्या आळीत आईनंतर त्यांच्यासारखा टाका कुणाचा नाही. त्या म्हणाल्या, "पांघरायचं कापड ताटाखाली? अन्नाखाली कुणाचं नेसलेलं जुनेर घालायचं व्हय?"

पुतणी म्हणाली, "काकी, जुनं नाही. नवीन सुती कापडाचे तुकडे, शिंप्याकडचं कातरण."

"मग ती वाकळ कशी गं? नव्या कापडाला खळ असतीया. सुई जात न्हाय, टाका वर बसतुया."

शेवटी कापड आलं तेव्हा वैनींनी ते आधी दोनदा धुऊन घ्यायला लावलं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न धुता शिवलं तर एक ठिगळ आटतं, दुसरं आटत नाही, आणि चटई वेडीवाकडी होते. लाल कापडाचा रंग जातो का, तेही त्यांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बघितलं. दोन तुकड्यांचा गेला, ते बाजूला काढले. हळदीचा डाग पडला तर काय, असं पुतणीनं विचारलं. वैनी म्हणाल्या, "उन्हात वाळत घाल. हळद उन्हानं जातीया."

दुकानानं भाव सांगितला होता चटईला 60 रुपये, पट्ट्याला 250. बायकांना तो बरा वाटला. वैनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमी धाव्वी शिकलाय. ह्याचा हिशेब करा."

मी खताच्या पावतीच्या मागं हिशेब मांडला. ओळीत अर्धा इंच अंतर पाहिजे होतं. 18 गुणिले 12 म्हणजे 216 चौरस इंच, आणि अर्ध्या इंचाला एक ओळ, म्हणजे एका चटईत 432 इंच धावदोरा. 36 फूट झाला. इंचाला पाच टाके धरले तर 2160 टाके. वैनींनी घड्याळ लावून एक चटई पुरी केली. कापणं, जोडणं, शिवणं धरून साडेचार तास गेले. आमच्याकडं बाईला खुरपणीची हजेरी 300 रुपये, सहा तासांची. म्हणजे तासाला 50. त्या हिशेबानं चटईचे सव्वादोनशे होतात आणि दुकान 60 देत होतं.

मी आकडा सांगितला तशा सगळ्या गप्प झाल्या. आपल्या हाताची किंमत अशी मांडून त्यांना कुणी दाखवली नव्हती. घरातलं शिवण म्हणजे रिकामपणाचं काम, असंच सगळे धरून चालले होते. वैनी म्हणाल्या, "हे सावलीतलं काम हाय, कंबर वाकवायची न्हाय. म्हणून निम्मं धरा. पर त्याच्याखाली सुई उचलायची न्हाय."

पुतणी दोन दिवस फोनवर बोलत होती. शेवटी चटईला 110 आणि पट्ट्याला 500 ठरले.

नऊजणी बसल्या. दिवस थोडे होते आणि तोंडावर बाजरीची काढणी. दिवसा कणसं खुडायची आणि रात्री जेवणं उरकून आमच्या पडवीत बल्बखाली बसायचं. मी रोज दोरा, कापड, किती झालं याची वही लिहायचो. कापडाचे त्रिकोण कापताना एक सूत फरक पडला तरी चौकोन जुळत नाही, म्हणून मी पत्र्याचा एक साचा कापून दिला. त्या दिवसांत पडवीत जे बोलणं झालं ते वाकळीच्या मंडपातलंच होतं. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटली, कुणाचा ल्योक फोन करत नाही.

त्यांत सगळ्यांत वडील आमची चुलती. गिरणीतल्या चुलत्यांची बायको. पंचाहत्तरीच्या पुढची. डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा दुसऱ्यानं ओवून द्यावा लागायचा. पण हात थांबायचा नाही. तिचा टाका लांब आणि जरा तिरका पडायचा.

घट बसायच्या आधी माल गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी 24 चटया परत आल्या. टाके एकसारखे नाहीत, गिऱ्हाईक घेणार नाही, असं दुकानानं कळवलं. हातानं शिवलेलं पाहिजे म्हणूनच ते आमच्याकडं आले होते आणि आता हात दिसला म्हणून माल परत. पुतणीला वाईट वाटलं. 2640 रुपये कापले गेले.

पडवीत गठ्ठा सोडला. आमच्या बायकांना एकमेकींचा टाका अक्षरासारखा ओळखू येतो. मलाही आता येतो. त्या 24 मधल्या 17 चटया चुलतीच्या होत्या. बाकीच्या तिघी-चौघींच्या एक-एक, दोन-दोन. चुलतीला नीट दिसत नव्हतं, पण तिनं बोटं फिरवून एक चटई ओळखली आणि खाली ठेवली. ती काहीच बोलली नाही.

पैसे वाटायचे होते. वहीत प्रत्येकीच्या नावापुढं चटया लिहिल्या होत्या. नियमानं बघितलं तर चुलतीच्या वाट्याला जवळजवळ काही येत नव्हतं. एकजण हळू आवाजात म्हणाली, "जिचं तिचं बघावं." तिचंही चूक नव्हतं, तिच्या पोराची फी भरायची होती.

वैनींनी माझ्याकडून वही घेतली आणि मिटली. "शेतात औत मोडलं तर एकाच बैलाचा चारा तोडत्यात का? समद्यांनी उचललंय, समद्यांत वाटा." सगळे मिळून 20,560 रुपये हातात आले होते. नऊ वाटे केले, प्रत्येकीला 2284. फीची अडचण होती तिला वैनींनी आपल्या वाट्यातले 500 उसने दिले. त्यावर मग कुणी बोललं नाही.

राहिल्या त्या 24 चटया. वैनींनी त्या पडवीत मांडल्या, चार रांगा आडव्या, सहा उभ्या. 72 इंच बाय 72 इंच. बरोबर सहा फुटी वाकळ होत होती. मागं लावायला कापड पाहिजे होतं. माझ्या बायकोनं पेटीतून आईचं एक इरकल काढून दिलं, विरलेलं पण काठाचं. दिवाळीच्या आधी चार रात्रींत नऊजणींनी ती जोडली. चुलतीनंही काठाकडची एक ओळ घातली, लांब आणि तिरकी. भाऊबीजेला तिची लेक आली, तेव्हा ती वाकळ तिनं लेकीला दिली. नवं कापड, त्यामुळं अजून ताठ आहे. आठ-दहा वर्षं धुतल्यावर मऊ पडेल.

हिवाळ्यात एका शिबिरात चुलतीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. यंदा गणपतीत दुकानाचा पुन्हा फोन आला. बायकांनी पुतणीला तीन गोष्टी आधीच सांगायला लावल्या: चटईला 130 रुपये, नमुन्याची एक चटई आधी पसंत करून ठेवायची, आणि त्या नमुन्यासारखा माल असेल तर परत घ्यायचा नाही. नमुना कुणाच्या हातचा द्यायचा, हे वैनींनी ठरवलं. त्यांनी चुलतीला बसवलं. दुकानाला तो पसंत पडला आणि आता पडवीत रोज रात्री आठला दिवा लागतो.