भाकरीसकट शाळा

माझ्या शिक्षणावर तिघांचं ऋण आहे. पहिलं माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. दुसरं कर्मवीर भाऊराव पाटलांचं आणि तिसरं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं. त्या दोघांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांनी लावून दिलेल्या पंगतीत मी जेवलो.

आमचं गाव माण तालुक्यातलं. रान होतं, पण पाऊस नसायचा. १९७२ च्या दुष्काळात आई, दादा म्हणजे माझे वडील, आणि अक्का पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. अक्का चौथी झालेली आणि माझ्याहून हुशार. तिच्या तोंडून ऐकूनच माझे पाढे पाठ झाले. त्या वर्षी तिचं नाव शाळेच्या पटावरून निघालं आणि मस्टरवर चढलं. कामावर मिळणारी सुकडी ती ओढणीच्या टोकाला बांधून माझ्यासाठी आणायची. घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी असायच्या. माझ्या वह्या आल्या त्या तिच्या हजेरीच्या पैशांतून.

गरिबाच्या घरात पोराला शाळा सोड असं सहसा कुणी म्हणत नाही. आज शेळ्यांमागं कुणी नाही, उद्या सुगी आहे, परवा आई आजारी आहे, असं होत होत पोर मागं पडतं आणि मग त्यालाच वर्गात बसायची लाज वाटू लागते. फीची अडचण बरीच कमी झाली होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना गरीब घरातल्या मुलांची फी माफ करणारी ई. बी. सी. सवलत सुरू झाली. त्यांचे वडील लहानपणीच गेले आणि आई विठाईंच्या कष्टावर ते शिकले. त्या सवलतीनं माझ्यासारखी कितीतरी मुलं शाळेत टिकली. पण फी माफ झाली तरी खायला लागतंच, आणि पोर शिकायला गेलं की त्याच्या हातचं काम घरात तसंच पडून राहतं.

भाऊरावांनी हे पुष्कळ आधी ओळखलं होतं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहत, एकत्र जेवत. लक्ष्मीबाई जैन घरातल्या, सोवळं-ओवळं पाळण्याच्या वळणात वाढलेल्या. त्या या सगळ्या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या.

माझी सातवी झाली तेव्हा गुरुजी घरी आले. म्हणाले, “पोराला साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात घाला.” दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गुरुजी, ह्यो गेल्यावर शेरडं कोण राखणार?”

चुलीपाशी बसलेली अक्का म्हणाली, “मी हाय की.”

माझं पुढचं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांवर उभं आहे.

वसतिगृहात पहाटे उठून बागेला पाणी द्यायचं, आवार झाडायचं, पाळी आली की स्वयंपाकाला हात लावायचा आणि मग अभ्यास. ‘कमवा आणि शिका’ हे भाऊरावांचं सूत्र मला पुस्तकात वाचून कळलं नाही. ताटावर बसताना माझी मान ताठ राहिली, तेव्हा ते कळलं. तिथलं अन्न कुणी दया म्हणून वाढलेलं नव्हतं. अंगावर ठिगळाची विजार असतानाही मी कुणाहून कमी नाही, हे मनात रुजलं ते तिथंच.

पुढे शिक्षक झालो आणि नोकरीचा मोठा काळ सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात गेला. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि वर्गातले बाक रिकामे व्हायचे. मुलं उन्हाळ्यात परत यायची, तोवर धडे कुठच्या कुठे गेलेले असायचे. मुलींचं तर आणखी अवघड होतं. फडावर आई कोयता चालवायची आणि मुलगी कोपीत चूल आणि धाकटं भावंड सांभाळायची. त्या मुलींत मला दर वर्षी अक्का दिसायची.

म्हणून पालकांकडे गेलो की मुलीला शाळेत ठेवा, एवढंच सांगून मी थांबत नसे. धाकट्याला कोण बघेल, आजीच्या औषधाचं काय, मुलगी राहील कुठं आणि जेवेल कुठं, हे आधी विचारायचो. आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात सोय लागली की आईबाप मुलीला मागे ठेवायला तयार व्हायचे. जिथं सोय लागली नाही, तिथं माझ्या शब्दांचा काही उपयोग झाला नाही.

अक्काची शाळा मी तिला परत देऊ शकत नाही. पण जो कुणी गरिबाच्या मुलीला शिक म्हणून सांगतो, त्यानं तिच्या भाकरीची आणि तिच्या मागं राहणाऱ्या घराची सोय आधी लावली पाहिजे, असं मी हक्कानं सांगतो. तो हक्क मला तिच्या मजुरीनं दिला आहे.