साखळदंड

बंगळुरूजवळच्या होसकोट्याला अविमुक्तेश्वराच्या देवळात खांबावरून हात फिरवला, तर रंगाच्या थरांखाली बुजलेली नक्षी बोटांना कळत होती. हा मुलूख कधीकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतला. पण मला खरी ओढ २२ ऑगस्ट १७६८ च्या रात्रीची. इंग्रजांच्या बाजूनं इथं तळ टाकलेल्या मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीनं छापा घातला. मुराररावांचा हुकूम सुटला, कुणी घोड्यावर बसायचं नाही. म्हणजे अंधारात स्वार दिसला की तो शत्रूचाच! काय डोकं म्हणावं! त्यात मुराररावांचा हत्ती जखमी होऊन सुटला. सोंडेत साखळदंड धरून तो हैदरच्या घोडदळावरच तुटून पडला, असं म्हैसूरचा इतिहासकार विल्क्स लिहितो. एवढ्या मामल्याची पाटी मला गावात कुठं दिसली नाही. दम बिर्याणीच्या पाट्या मात्र पहाटेपासून झगमगत असतात.