चालतोय की!

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मी बाबांना घेऊन माउंट रेनियरवर एका रात्रीच्या मुक्कामाला गेले होते. आईने गुडघ्यांचं कारण सांगून सिअॅटलच्या माझ्या अपार्टमेंटमध्येच राहणं पसंत केलं. बाबा ६८ वर्षांचे आहेत, मधुमेहाची गोळी चालू आहे, पण चालायला आजही माझ्यापेक्षा चिवट. फ्राइंगपॅन क्रीकच्या कडेने साधारण सव्वाचार मैल चढून आम्ही समरलँडच्या कॅम्पवर पोचलो. उंची सुमारे ६,००० फूट.

वाटेत बाबांना सगळ्यात नवल वाटलं ते माझ्या वॉटर फिल्टरचं. मुठीत मावेल एवढी नळी, वजनाला नगण्य. ओढ्याचं पाणी पिशवीत भरायचं, फिल्टर तोंडाला लावायचा आणि पिशवी पिळायची. "एवढ्याशा नळीत असतं तरी काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आत शेवयांसारख्या पोकळ तंतूंची जुडी असते. तंतूंच्या भिंतींना ०.१ मायक्रॉनची छिद्रं असतात. पाणी त्यांतून आत शिरतं, जंतू बाहेर राहतात. इथल्या ओढ्यांमध्ये जिआर्डिया नावाच्या परजीवीची भीती असते. त्याचे कोश ८ ते १२ मायक्रॉनचे, म्हणजे या छिद्रांच्या मानाने हत्तीच. हिमनदीचं दुधाळ पाणी मात्र थेट भरायचं नाही. त्यातल्या दगडाच्या पिठाने फिल्टर तुंबतो. भांड्यात गाळ खाली बसू द्यायचा, नाहीतर बाजूचा स्वच्छ झरा शोधायचा. बाबा म्हणाले, "म्हणजे तुरटी न फिरवता तुरटीचं काम."

रात्री थंडी वाढली. सकाळी उठून पाहते तर तंबूबाहेरच्या भांड्यातलं पाणी गोठलेलं आणि फिल्टर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात तसाच राहिलेला. तो झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा असतो, हे मी दहा जणांना शिकवलंय. आत पाणी असताना फिल्टर गोठला की बर्फ प्रसरण पावतो आणि तंतू फुटू शकतात.

मी चहाच्या तयारीला लागेपर्यंत बाबांनी फिल्टर हातात धरून ऊब दिली, पिशवी लावून पिळली. स्वच्छ धार आली. "चालतोय की!"

तीच तर पंचाईत होती. फुटलेल्या तंतूंतूनही पाणी येतच राहतं, दिसायलाही निर्मळच असतं. प्रयोगशाळेत मी रोज ०.२२ मायक्रॉनचे फिल्टर वापरते. तिथे शंका आली तर ओल्या पटलातून हवा दाबून बुडबुडे किती दाबाला निघतात ते पाहता येतं. डोंगरावर माझ्याकडे तशी काही सोय नव्हती. शिवाय दोन आठवड्यांनी बाबांचं परतीचं विमान, आणि जिआर्डियाची लक्षणं साधारण एक-दोन आठवड्यांनीच दिसू लागतात. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि ओतून टाकली. म्हटलं, आता उतरेपर्यंत सगळं पाणी उकळूनच प्यायचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. ६,५०० फुटांच्या वर असतो, तर तीन मिनिटं.

स्टोव्ह लहान, पाणी चार बाटल्या. एकेक भांडं उकळायचं, गार करायचं. तासभर तरी तिथे बसणं आलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेव्हा असा फिल्टर असता तर तुला कावीळ झाली नसती."

मी चौथीत असतानाची गोष्ट. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाबा मला राजगडावर घेऊन गेले होते, पाली दरवाज्याने. पद्मावती माचीवरच्या टाक्यातलं थंडगार पाणी त्यांनी मला ओंजळीने पाजलं होतं. त्याच आठवड्यात शुक्रवारी माझे डोळे पिवळे झाले. महिनाभर मी अंथरुणावर होते. "कुठलंही पाणी पाजता पोरीला," हे आईचं वाक्य मला अजून ऐकू येतं. त्यानंतर बाबांनी मला कधीच गडावर नेलं नाही. मुलगी मोठी होतेय म्हणून नेत नसतील, असं मी आजवर धरून चालले होते.

"बाबा, हा फिल्टर असून उपयोग झाला नसता," मी म्हटलं. "अशा काविळीचा विषाणू ०.०३ मायक्रॉनहूनही लहान असतो. या छिद्रांतून तो आरामात जातो. आपल्याकडे नुसता असला फिल्टर पुरत नाही, उकळायलाच हवं." आणि बोलता बोलता माझंच मला लक्षात आलं. "पण थांबा. रविवार ते शुक्रवार म्हणजे पाच दिवस. हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून दिसायला किमान पंधरा दिवस लागतात, बहुतेकदा महिनाभर. राजगडावर जाताना तो माझ्या पोटात आधीच होता."

बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. दिवस बोटांवर मोजले. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, हिशोब दोनदा तपासणारच. मग उठून ते ओढ्याकडे गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मी हाक मारली नाही.

पंचवीस वर्षं हा माणूस एका ओंजळीचं ओझं वागवत होता. मी जीवशास्त्रात पीएचडी केली, आकडे मला पाठ होते, पण ही साधी वजाबाकी करायचं कधी सुचलं नाही. त्यांना काही सलतंय, हेच मला ठाऊक नव्हतं.

घरी पोचल्यावर बूट काढायच्या आधी बाबांनी आईला सांगितलं, "ऐकलंस का, ते राजगडाचं पाणी नव्हतं."

"मग कुठलं होतं?"

"ते आता कळायला मार्ग नाही," मी म्हटलं.

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आपण दोघी शनिवारी तुळशीबागेत पाणीपुरी खायचो गं."

"असू दे," बाबा म्हणाले. "चहा टाक."

तो फिल्टर मी कचऱ्यात टाकला. कदाचित चांगलाही असेल, पण तपासायची सोय नसलेल्या वस्तूवर माणसांची तब्येत सोपवायची नाही. नवा आणलाय, तो रात्री उशाशी घेऊन झोपते. जानेवारीत पुण्याला जातेय. राजगडाचं ठरलंय. पाणी घरून उकळून नेणार आहोत, आणि टाक्यातलं लागलंच तर स्टोव्ह बाबांच्या सॅकमध्ये असेल.