शेवंतीची रात्र

आगाशीची आमची वाडी विकली, तेव्हा आजीने पैशांबद्दल एक शब्द विचारला नाही. पिवळ्या शेवंतीच्या बुडातून फुटलेल्या चार काश्या तिने ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि विरारला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणल्या.

दोन माझ्या जास्त पाण्याने कुजल्या. उरलेल्या दोन वाढल्यावर जूनमध्ये त्यांचे बोटभर शेंडे खुडले, खालची पानं काढली आणि वाळूत खोचले. तीनेक आठवड्यांत मुळं फुटली. सहा कुंड्या झाल्या.

दसरा होऊन गेला. झुडपं हिरवीगार, कळी एक नाही. मी खत बदललं, व्हिडिओ पाहिले. आजीने एवढंच विचारलं, "तुझी ट्यूब कधी बंद होते?"

माझं काम अमेरिकेच्या वेळेवर. गॅलरीत पहाटे तीनपर्यंत उजेड. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधार लागतो. रात्र मध्येच उजेडाने तुटली की ती नुसती पानं वाढवते. फुलं उशिरा हवी असली की शेतकरी मुद्दाम रात्री शेतात दिवे लावतात. आजीने हे कुठे वाचलं नव्हतं. वाडीत रस्त्यावरच्या दिव्याखालची ओळ कायम मागे राहायची, ते तिने पाहिलं होतं.

मी लॅपटॉप आत नेला.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी अकरा फुलं निघाली. आजीने एक हातात घेऊन पाहिलं. "वाडीतल्यापेक्षा बारीक आहेत," म्हणाली.

मग वेणीसाठी दोरा मागितला.