भीती हप्त्याहप्त्याने

ब्रॅम स्टोकरची १८९७ची ‘ड्रॅक्युला’ एका दमात संपवणे म्हणजे तिचा अर्धा जीव काढून घेणे, असे मला वाटते. ती आहेच मुळी रोजनिश्या, पत्रे, तारा आणि कात्रणांची, ३ मेपासून ६ नोव्हेंबरपर्यंतची. थोडा थोडा मजकूर चौघांनी मिळून वाचला, तर मधले कोरे दिवसही कादंबरीत सामील होतात. पात्रांना उद्याचे ठाऊक नसते. थांबलेल्या वाचकालाही नसते, आणि चौघांच्या शंका मिळून भीती वाढतेच. पोथीचा रोज एक अध्याय ऐकणाऱ्यांना ही रीत नवी नाही.

एडगर ॲलन पो यांनी १८४६ साली एका बैठकीत वाचून होणाऱ्या परिणामाचा आग्रह धरला होता खरा, पण त्यांच्यासमोर मुख्यतः कविता होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुणी नेमक्या तारखांप्रमाणे वाचू गेले, तर स्टोकरची मांडणीच मोडते. सुरुवातीचा निवेदक असलेल्या जोनाथनची डायरी ३० जूनला तुटते आणि पुढचे प्रकरण मागे, मे महिन्यात जाते. त्याचे काय झाले, ही टांगती तलवार लेखकाने मुद्दाम ठेवली आहे. म्हणून तारखा सोडाव्यात, हप्ते ठेवावेत. प्रकरणे २७ आहेत. कामोठ्याच्या मानसरोवर स्थानकावरून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये एकेक सहज बसते. कामोठेकरांनो, गट जमवा. मराठीच हवे तर नारायण धारपांची ‘लुचाई’ ही भयकादंबरी घ्या.