शिकारीची सायकल

होस्टेलवर श्रीगोंद्याचं नाव काढलं की लोकांना लिंबं, साखर कारखाना आणि काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार एवढंच आठवतं. (इतिहासवाले फार तर महादजी शिंद्यांपर्यंत पोचतात.) आमच्याकडे एके काळी सायकलवरून शिकारीला जायचे, असं सांगितलं की पोरं खो खो हसतात. शिकार म्हणजे जीप, हॅट आणि वाघ! अहो, आमच्या माळावर वाघ कुठला? ससा, तितर, फार तर लावा. आणि त्यासाठी सायकलसारखं वाहन नाही, हे मी आमच्या आबांकडून शंभर वेळा ऐकलंय.

आबांची सायकल काळी, बावीस इंची, रॉड ब्रेकवाली. साठच्या दशकात त्यांची चौघांची टोळी अमावास्येच्या आगेमागे निघायची. एकाकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती गोणपाटात गुंडाळून दांडीला बांधायची. कॅरिअरला वाघर, म्हणजे सशाचं जाळं. हँडलला भाकरीचं फडकं. पायी गेलं तर पहाटेपर्यंत जेवढा माळ तुडवून होईल, त्याच्या तिप्पट सायकलवर व्हायचा. सायकलला तेवढ्याच अंतराला चालण्याच्या साधारण पाचवा हिस्साच ताकद लागते, हे आम्ही पुस्तकात वाचतो. आबांना ते पिंढऱ्यांनी शिकवलं होतं.

पण खरी गंमत आवाजाची. पॅडल थांबवलं की मागच्या चाकात टिकटिक सुरू होते ना? ते फ्रीव्हीलमधले पॉल रॅचेटच्या दातांवरून घसरत असतात. टीओएमच्या वर्गात हे शिकताना मला एकदम आबा आठवले. ते फ्रीव्हीलमध्ये घट्ट ग्रीस भरायचे. आवाज मेला पाहिजे, कारण सशाचे कान! मात्र ग्रीस जास्त झालं की थंडीत पॉल चिकटतात आणि पॅडल नुसतंच फिरतं. दुसरी अडचण डायनामोची. चाक फिरतंय तोवर उजेड, थांबलं की अंधार. आणि ससा तर थांबूनच बघायचा असतो. म्हणून तीन सेलची बॅटरी वेगळी. तिचा झोत डोळ्यांवर पडला की ससा जागच्या जागी खिळतो.

अमेरिकेत आजही धनुष्यबाणाने शिकार करणारे जंगलातल्या कच्च्या वाटांनी सायकलवर जातात आणि मांस मागे छोट्या गाड्यावर लादून आणतात. कारण तेच, इंजिनाचा आवाज नाही. त्यांच्याकडे परवाना, हंगाम, किती मारायचे त्याचा आकडा, सगळं ठरलेलं असतं. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने छोट्या शिकारीचे परवानेही गेले. त्याआधी मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होताच, पण आबांच्या टोळीला माळावर तो कोणी कधी वाचून दाखवला नाही.

टोळीच्या पुढे पाचवा माणूस असायचा. तो पायी. तो फासेपारधी होता. सशाची वाट कुठून जाते, तितर कुठल्या बांधाला बसतात, हे तो मातीत बघून सांगायचा. मी लहानपणी आबांना विचारलं होतं, "त्यांना सायकल का नव्हती?" आबा म्हणाले, "पारध्याच्या हातात सायकल दिसली तर पहिला सवाल काय? कुणाची उचलली? त्यापरीस पायी बरं." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. बिनदिव्याच्या सायकलबद्दल आबांना एकदा दंड झाला होता, तो किस्सा मात्र ते मोठ्या तावातावाने सांगायचे!

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारधीही त्यात ओढले गेले. जन्मला तो गुन्हेगार. सोलापूरला तर अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. १९५२ साली कायदा देशभरातून गेला. म्हणजे आबांची टोळी माळावर फिरत होती तेव्हा तो जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. एकच माळ, एकच ससा, पण दांडीला बंदूक बांधणारा हौशी शिकारी आणि वाट दाखवणारा संशयित. शिकारीच्या गप्पांत आपण बंदुकीचं, नेमाचं, मटणाच्या रश्श्याचं कौतुक करतो. वाट दाखवणाऱ्याचं नाव त्यात नसतं.

त्याच पाचव्या माणसाचा नातू दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. सुट्टीत आम्ही दोघं सायकली काढतो. सोबत बंदूक नाही, एक सेकंडहँड दुर्बीण. १९७९ साली माळढोकासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, त्यात सोलापूरबरोबर आमचा श्रीगोंदाही होता. नंतर ते सुमारे १,२२२ वर आलं. माळढोक बघायचा तर आता राजस्थान गाठावं. पण धाविक दिसतो, खोकड दिसतं, नशीब असेल तर चिंकारा. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट आहेतच.

सायकल चालती असली की जनावर मान वर करून बघत राहतं. पाय टेकला की पळालं! म्हणून न थांबता बघायची सवय लागते. मुरमावर चाकांत हवा थोडी कमी ठेवायची. वेड्या बाभळीचा काटा आणि सराटा मात्र कुठल्याच टायरला सोडत नाही, त्यामुळे सोल्युशन आणि पॅच खिशातच. मित्र तोंडाने तितराचा असा आवाज काढतो की बांधापलीकडून उत्तर येतं. हे त्याला आजोबांनी शिकवलं, फाशावर तितर बोलवायला. आता तितर येतं, आम्हाला बघतं आणि शिव्या दिल्यासारखं ओरडत निघून जातं. ही विद्या कुठल्या अभ्यासक्रमात आहे सांगा बरं?

मागच्या दिवाळीत त्याने गिअरची सायकल घेतली. दुकानदार शंभर रुपये कमी करायला तयार होता, पण बिल न देण्याच्या बोलीवर. मी म्हटलं, घे की. तो म्हणाला, "शंभर राहू दे. पक्की पावती द्या, वर फ्रेमचा नंबर लिहा." घरी जाण्याआधी त्याने पावतीच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि मूळ पावती लॅमिनेट करून सीटखालच्या पिशवीत ठेवली, पॅच आणि सोल्युशनच्या शेजारी. माझ्या सायकलची पावती कुठे आहे, मला आजही माहीत नाही. मला ती कोणी कधी विचारलेली नाही.

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी