सातबाऱ्यावर नसलेली दोघं

सिव्हिलच्या मंडळींना 'रेकनेसन्स' हा शब्द पहिल्याच सर्व्हे प्रॅक्टिकलला भेटतो. साखळी उलगडण्याआधी साइटवर चक्कर मारायची, चढउतार बघायचे, मग स्टेशनं ठरवायची. बऱ्याच बॅचेस हे काम कँटीनमध्ये बसूनच उरकतात! मला खरा रेकनेसन्स दिवाळीच्या सुट्टीत दोन कुत्र्यांनी शिकवला.

झालं असं, की बाबांनी निवृत्त झाल्यावर पीएफच्या पैशातून पुरंदर तालुक्यात 2 एकर जमीन घेतली. आजोबांच्या शेतीमुळे आम्ही कागदोपत्री शेतकरी, म्हणून ते जमलं. "म्हातारपणची पुंजी मातीत घातली," हे आईचं मत. जमीन विकणारे तात्या मुलाकडे पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले. वाघ्या आणि चंपी मागेच राहिली. जेजुरीच्या तालुक्यात कुत्र्याचं नाव वाघ्या नसेल तर काय असणार म्हणा!

मी टेप आणि गटाचा नकाशा घेऊन तयारीत होतो. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे 1 गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकूण 80 गुंठे. त्यातले 9 पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. हिशोब संपायच्या आत वाघ्या चालू लागला. मी आणि बाबा मागोमाग.

बांधाखाली एका ठिकाणी जमीन कोरडी दिसत होती, तरी दोघांनीही तिला लांबून वळसा घातला. मी सरळ गेलो आणि घोट्यापर्यंत रुतलो. वरच्या शेताचं पाणी तिथे पाझरत होतं. नकाशात त्याचा पत्ता नाही. पुढे तो पोटखराबा लागला. ओढ्याकाठी करंजाची गार सावली, मोराची दोन पिसं, आणि चंपीने उकरलेला बसायचा खड्डा. अख्ख्या रानात दुपारी बसण्यासारखी जागा तेवढीच!

हद्दीचा दगड आला. वाघ्याने त्यावर आपली सही केली आणि सरळ शेजारच्या सीताफळीत घुसला. तिथल्या आजी ओरडल्या, "अवो, तुमची कुत्री आली बगा इकडं!"

बाबा चमकले. तोवर ते 'तात्यांची कुत्री' असंच म्हणत होते.

संध्याकाळी दोघंही खोपटाच्या बंद दारासमोर जाऊन बसली. भाकरी टाकली तरी हलेनात. शेवटी बाबांनी तात्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. आवाज ऐकताच वाघ्या उठला, कान टवकारून फोनभोवती फिरला, फोनच्या मागे जाऊन हुंगून आला. तात्यांनी जमिनीबद्दल एक शब्द विचारला नाही. "चंपी खाती का?" एवढंच. मग बराच वेळ काही नाही. शेवटी म्हणाले, "ताकात कुस्करून घाला. अन् रात्री दार उघडं ठेवा. मी ठेवायचो."

आठवड्यातले चार दिवस इथेच राहायचं, असं बाबांनी त्या रात्री ठरवलं. आई अजून रुसलेलीच आहे, पण बाजरीचं पीठ देताना दोन डबे जास्त भरते.

फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात. वाघ्या-चंपीची हरकत काही आलेली नाही. बाबा मात्र दार उघडं ठेवूनच झोपतात.